सेव्ह तर केलं होतं, मग गेलं कुठे?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं पीपीटीबद्दलचीच आहेत. कॉलेजात सेमिनार चालू आहेत, शाळांमध्ये शिक्षण परिषदा आहेत, घरोघरी पन्नाशी-पंच्याहत्तरीचे कार्यक्रम आहेत, आणि सगळीकडे शेवटच्या क्षणी तीच धावपळ, फाईल उघडत नाही, उघडली तर अक्षरं गायब, नाहीतर मेलच जात नाही. पीपीटी बनवायला आता बहुतेकांना येतं, एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये ते शिकवतात पण, स्लाईड सजवायला तर शाळेतली पोरंही पटाईत झालीयत. पण बनवलेली फाईल नेमकी कुठे बसलीय आणि दुसऱ्याकडे जाताना तिच्यासोबत काय जातं आणि काय मागे राहतं हे कोणी शेजारी बसून सांगत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितोय.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शिक्षण परिषदेसाठीची पीपीटी केंद्रप्रमुख सरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. मी ती लॅपटॉपवर व्हॉट्सॲपमधूनच उघडली, आमच्या शाळेचे फोटो आणि माहिती घातली, मधेमधे कंट्रोल एस पण दाबत होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवरून परत उघडली तर जुनीच पीपीटी, माझं काहीच नाही. पूर्ण संध्याकाळचं काम गेलं. असं कसं होतं?
– एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : ताई, आधी धीर धरा, तुमचं काम बहुतेक गेलेलं नाहीये, फक्त तुम्ही शोधताय तिथे ते नाहीये.

होतं असं की व्हॉट्सॲपमधली किंवा मेलमधली फाईल आपण थेट क्लिक करून उघडतो तेव्हा कॉम्प्युटर तिची एक कॉपी कुठल्यातरी आतल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि ती कॉपी उघडून देतो. तुम्ही कंट्रोल एस दाबलं ते त्या कॉपीवर सेव्ह झालं. ग्रुपवर सरांनी टाकलेली फाईल होती तशीच आहे, तिच्यात तुमच्या लॅपटॉपवरून बदल होऊच शकत नाही, आणि तिथून परत उघडली की परत सरांचीच फाईल समोर येते.

आता शोधायचं कसं, तर पॉवरपॉइंट उघडा, फाईल, मग ओपन, मग रीसेंट. तिथे शेवटी उघडलेल्या फाईल्सची यादी दिसेल आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात ती फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही लिहिलेलं असतं. एकाच नावाच्या दोन-तीन दिसल्या तर सगळ्या एकेक करून उघडून बघा, त्यातली एक तुमची निघेल. मिळाली की दुसरं काही न करता एफ १२ दाबा, सेव्ह ॲजची खिडकी येईल, डॉक्युमेंट्समध्ये नवीन नाव देऊन सेव्ह करा. रीसेंटमध्ये नाही मिळाली तर विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्ये सी ड्राईव्ह उघडून वरच्या सर्चच्या चौकटीत फाईलचं नाव टाका आणि जे सापडेल ते तारखेनुसार लावा, त्या संध्याकाळच्या तारखेची फाईल दिसतेय का बघा. हे आजच करा, कारण अशी आतली फोल्डरं टेम्पररी असतात, डिस्क क्लीनअप चालवलं किंवा कोणी 'लॅपटॉप साफ करून देतो' म्हणून हात फिरवला की त्यातल्या फाईल्स पुसल्या जाऊ शकतात.

पुढच्या वेळी एकच सवय ठेवा, फाईल आली की आधी डाउनलोड करून आपल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि मग उघडायची. थेट उघडलीच असेल तर पहिला शब्द टाइप करायच्या आधी एफ १२. वर पिवळी पट्टी येऊन प्रोटेक्टेड व्ह्यू लिहिलेलं दिसतं ना, ती पट्टी हेच सांगत असते की ही फाईल बाहेरून आलीय, आत्ता फक्त बघा. फाईल ओळखीच्या माणसाकडून आलीय याची खात्री असेल तरच एनेबल एडिटिंग दाबा. झिप फाईलच्या आतून थेट उघडलेल्या पीपीटीचंही असंच होतं बरं का, आधी एक्स्ट्रॅक्ट करून घ्यायची.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर पीपीटी एकदम छान दिसते पण कॉलेजच्या सेमिनार हॉलमधल्या पीसीवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम असलं काहीतरी. सगळ्यांसमोर पंचाईत झाली. मित्राच्या पीपीटीत अक्षरं मराठीच होती पण ओळी खाली घसरल्या होत्या. दोघांनी मराठीच टाइप केलं होतं, मग फरक का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुझा फाँट कृती देव किंवा तसल्याच जुन्या पद्धतीचा असणार, आणि मित्राचं टायपिंग युनिकोडमध्ये असणार.

जुन्या फाँटमध्ये फाईलच्या आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि तो फाँट त्या कोडच्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढून दाखवतो. तुझ्या लॅपटॉपवर फाँट आहे म्हणून मराठी दिसतं, हॉलच्या पीसीवर तो फाँट नाही त्यामुळे जे आत आहे तेच उघडं पडलं. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. मित्राने वापरलेला फाँट तिथे नव्हता तरी विंडोजने दुसरा देवनागरी फाँट लावला, त्याची रुंदी वेगळी म्हणून ओळी घसरल्या, पण वाचता तरी आलं.

मी तर म्हणेन नवीन काही करताना जुन्या फाँटला हातच लावू नका. युनिकोड मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आहे, फोनवर आहे, फुकट आहे. जुना मजकूर असेल तर ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्ट झाल्यावर डोळ्यांखालून घाल, जोडाक्षरं, रफार, आणि 'ऱ्या' वगैरे ठिकाणी हमखास चुका राहतात आणि नेमक्या त्याच स्लाईडवर मोठ्या होऊन दिसतात.

आता फाँट कुठला घ्यायचा. निर्मला यूआय विंडोज ८ पासून पुढे सगळीकडे असतो, म्हणून अनोळखी पीसीवर जायचं असेल तर तो सगळ्यात भरवशाचा. मंगल, कोकिला, उत्साह हे विंडोज १० मध्ये आधीपासून असतीलच असं नाही, ते देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात गेलेत, तो सेटिंग्जमधून घालावा लागतो, त्यामुळे 'मंगल तर सगळीकडे असतोच' हे आता धरून चालू नकोस. दिसायला जरा चांगला पाहिजे असेल तर मुक्त, बलू, नोटो सॅन्स देवनागरी हे गूगल फाँट्सवर फुकट आहेत, पण मग ते फाईलसोबत पाठवायचे. त्यासाठी फाईल, ऑप्शन्स, सेव्ह, आणि अगदी खाली एम्बेड फाँट्स इन द फाईल असा चौकोन आहे त्यावर टिक. खाली दोन पर्याय येतात, एकात फक्त वापरलेली अक्षरं जातात आणि फाईल छोटी राहते, दुसऱ्यात सगळा फाँट जातो. तिकडे कोणी एखादा शब्द बदलण्याची शक्यता असेल तर दुसराच घे, नाहीतर नवीन टाइप केलेलं अक्षर आत नसेल. काही फाँट्सचं लायसन्स असं एम्बेड करायला परवानगीच देत नाही, तेव्हा पॉवरपॉइंट सेव्ह करताना तसं सांगतो, तो मेसेज न वाचता ओके करू नकोस.

आणि काहीही असो, सोबत पीडीएफ ठेव. सेव्ह ॲजमध्येच पीडीएफचा पर्याय आहे. ॲनिमेशन जाईल, व्हिडिओ चालणार नाही, पण तुझी अक्षरं तुझ्या लॅपटॉपवर दिसतात तशीच हॉलमध्ये दिसतील, आणि परीक्षक समोर बसलेले असताना एवढं पुरेसं असतं.

प्रश्न : बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी जुन्या फोटोंची पीपीटी केली, मागे गाणं लावलं, भावाने फोनवर घेतलेला एक व्हिडिओ पण टाकला. फाईल २०० एमबीच्या पुढे गेली. मेल जात नाही. गूगल ड्राईव्हवर टाकून आत्याला न्यू जर्सीला लिंक पाठवली तर तिला उघडतच नाही, परवानगी मागा असं येतं. कार्यक्रम तोंडावर आलाय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी आत्याचं काम करू, ते एका मिनिटाचं आहे. ड्राईव्हवर फाईल टाकली की ती सुरुवातीला फक्त तुमची असते, लिंक पाठवली म्हणजे दार उघडलं असं नसतं. फाईलवर राइट क्लिक, शेअर, आणि खाली जनरल ॲक्सेसमध्ये रिस्ट्रिक्टेड लिहिलेलं असेल तिथे एनीवन विथ द लिंक करा, बाजूला व्ह्यूअर ठेवा. एडिटर ठेवू नका, प्रेमाने कोणीतरी फोटो इकडचा तिकडे करतं आणि तो सगळ्यांकडेच बदलतो. लिंक पाठवायच्या आधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत स्वतः उघडून बघा, तिथे उघडली म्हणजे आत्याकडेही उघडणार. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या अकाउंटवर फाईल असेल तर मात्र बाहेरच्यांना देणं तिथल्या ॲडमिनने बंद केलेलं असू शकतं, अशा वेळी घरच्या जीमेलवर टाका.

मेलचं म्हणाल तर जीमेलमध्ये २५ एमबीच्या वरची फाईल जोडूनच जात नाही, ती आपोआप ड्राईव्हवर चढते आणि मेलमध्ये लिंक जाते. त्या ड्राईव्हची फुकटची जागा १५ जीबी, आणि तीही मेल, फोटो आणि ड्राईव्ह सगळ्यांची मिळून. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर ती कधी भरते ते कळत पण नाही, अपलोड अर्धवट अडकत असेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

पण फाईल एवढी मोठी राहू द्यायची गरजच नाही. फोनवरचा एकेक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो, आणि तुम्ही स्लाईडवर तो कोपऱ्यात ओढून लहान केलात तरी आत तो पूर्णच राहतो. कापलेला भागसुद्धा आत राहतो, म्हणजे फोटोतून कोणाला क्रॉप करून काढलं असेल तर फाईल ज्याच्या हातात जाईल तो माणूस ते परत उघडून बघू शकतो, हे लक्षात असू द्या, घरच्या फोटोंच्या बाबतीत तर फारच. कुठल्याही एका फोटोवर क्लिक करा, वर पिक्चर फॉरमॅट येईल, त्यात कम्प्रेस पिक्चर्स. तिथे 'फक्त याच फोटोला लावा' वरची टिक काढा, 'क्रॉप केलेला भाग काढून टाका' वर टिक ठेवा, आणि १५० पीपीआय निवडा. प्रोजेक्टरला आणि टीव्हीला एवढं भरपूर होतं. हे करायच्या आधी मूळ फाईलची एक कॉपी दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, कारण कमी केलेला फोटो परत मोठा होत नाही आणि जुने घरचे फोटो परत मिळत नसतात. व्हिडिओसाठी फाईल, इन्फो, कम्प्रेस मीडिया. बऱ्याचदा सगळं वजन त्या एकाच व्हिडिओचं निघतं.

आणि एक मनापासून सांगू का, आत्यासारख्या माणसांना पीपीटी पाठवूच नका, व्हिडिओ पाठवा. फाईल, एक्सपोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ, त्यात १०८० किंवा ७२० घ्या, एमपीफोर फाईल तयार होते, गाणं, ॲनिमेशन, स्लाईडची वेळ सगळं तसंच राहतं आणि बघणाऱ्याच्या फोनमध्ये पॉवरपॉइंट असायची गरज नाही. बनायला वेळ लागतो, मोठ्या पीपीटीला अर्धा तासही लागू शकतो, तोवर लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा आणि खालच्या पट्टीवरची रेघ पूर्ण होईपर्यंत पॉवरपॉइंट बंद करू नका. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना गॅलरीतून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडा. गॅलरीतून गेला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बाबांच्या लग्नातला फोटो धूसर दिसतो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं आणि जसंच्या तसं पोचतं.

बाबांना आमच्या सगळ्यांकडून शुभेच्छा सांगा.

प्रश्न : पीपीटी करत असताना लाईट गेली. डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही. एकदाही सेव्ह केलं नव्हतं. काही आशा आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. पॉवरपॉइंट दर १० मिनिटांनी स्वतःहून एक कॉपी ठेवत असतो, त्याला ऑटोरिकव्हर म्हणतात. आता पॉवरपॉइंट उघडलात की डाव्या बाजूला डॉक्युमेंट रिकव्हरीची पट्टी यायला हवी, त्यातली सगळ्यात नंतरच्या वेळेची फाईल उघडा आणि लगेच सेव्ह करा. ती पट्टी चुकून बंद केली असेल तर फाईल, इन्फो, मॅनेज प्रेझेंटेशन, रिकव्हर अनसेव्हड प्रेझेंटेशन्स. गडबडीत डोन्ट सेव्ह दाबलं गेलं असेल तरी इथेच बघायचं. या फाईल्स तिथे कायमच्या राहत नाहीत, थोड्या दिवसांत पुसल्या जातात, त्यामुळे हे वाचताय तेव्हाच उठून बघा. आणि पहिल्या १० मिनिटांच्या आतच लाईट गेली असेल तर मात्र काही मिळणार नाही, ते परत करावं लागेल.

ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये जाऊन १० च्या जागी २ मिनिटं करून टाका. वर कोपऱ्यात ऑटोसेव्ह नावाचं बटण दिसतं ते वेगळं, ते फाईल मायक्रोसॉफ्टच्या वनड्राईव्हसारख्या ऑनलाइन जागेत असेल तरच चालतं, घरच्या हार्डडिस्कवर ठेवलेल्या फाईलला ते लागू नाही, आणि ते बटण दिसतंय म्हणून निर्धास्त राहिलेली खूप माणसं मला माहीत आहेत.

प्रश्न : पेनड्राईव्हवर पीपीटी घेऊन झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेले तर तिथे उघडलीच नाही, घरी मात्र उघडते. परत आणून लावला तर आता सगळ्या फोल्डर्सच्या जागी शॉर्टकट झालेत आणि एक फाईल करप्ट आहे म्हणते.
– बचत गटाची एक कार्यकर्ती, लातूर

उत्तर : ताई, यात तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात.

पहिली, तुम्ही डेस्कटॉपवरून जे पेनड्राईव्हवर टाकलं ते बहुतेक फाईल नसून शॉर्टकट होता. आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असला तर तो शॉर्टकट, आणि राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर साइज १-२ केबी दिसेल. खरी पीपीटी एवढी लहान असूच शकत नाही. शॉर्टकट म्हणजे फाईल घरी कुठे आहे त्याचा नुसता पत्ता, म्हणून तो घरी उघडतो. त्यावर राइट क्लिक करून ओपन फाईल लोकेशन करा, तिथे जी सापडेल ती खरी फाईल, ती कॉपी करा.

दुसरी, फोल्डर्सचे शॉर्टकट होणं हा व्हायरस आहे, दहा लोकांचे पेनड्राईव्ह जिथे लागतात तिथून तो येतो. त्या शॉर्टकटवर अजिबात क्लिक करू नका, क्लिक केलं की तो तुमच्या कॉम्प्युटरमध्येही शिरतो. तुमची फोल्डर्स आतच आहेत, फक्त लपवलेली. आधी विंडोज सिक्युरिटीने किंवा तुमच्या अँटीव्हायरसने पेनड्राईव्ह स्कॅन करा. मग फाईल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये व्ह्यूखाली लपलेल्या फाईल्स दाखवा हे चालू करा आणि हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स वरची टिक काढा, जुनी फोल्डर्स फिकट रंगात दिसायला लागतील. आतल्या तुमच्या ओळखीच्या फाईल्स तेवढ्या घरच्या कॉम्प्युटरवर घ्या, पेनड्राईव्ह फॉरमॅट करा, आणि ती टिक परत लावून ठेवा.

तिसरी, करप्ट फाईल. पेनड्राईव्हवरच उघडून काम केलं आणि इजेक्ट न करता उपटला की असं होतं. पॉवरपॉइंट उघडायचा, ओपनच्या खिडकीत फाईल एकदाच क्लिक करून निवडायची, ओपन बटणाशेजारच्या बाणावर ओपन अँड रिपेअर आहे ते करायचं. नाही जमलं तर नवीन रिकामी पीपीटी घ्या, तुमच्या पॉवरपॉइंटमध्ये होममधल्या न्यू स्लाईडखाली रीयूज स्लाईड्स असेल तर त्यातून ती बिघडलेली फाईल दाखवा, कधीकधी थोड्या तरी स्लाईड्स येतात. तेही नाही झालं तर शेवटचा उपाय, आणि हा फार थोड्या लोकांना माहीत असतो. पीपीटीएक्स फाईल म्हणजे आतून एक गाठोडंच असतं, त्यात फोटो वेगळे, मजकूर वेगळा असं बांधलेलं असतं. फाईलची एक कॉपी करा, तिच्या नावातलं शेवटचं पीपीटीएक्स पुसून झिप लिहा, मग एक्स्ट्रॅक्ट करा. पीपीटी नावाच्या फोल्डरमध्ये मीडिया नावाचं फोल्डर आहे, त्यात तुमचे फोटो आणि व्हिडिओ सुटे मिळतील. सुटलंच नाही तर गाठोडंच तुटलंय असं समजायचं. २००७ च्या आधीच्या जुन्या, नुसत्या पीपीटी प्रकारच्या फाईलला हा उपाय चालत नाही.

प्रिंटसाठी दुकानात जाताना पीपीटी नेऊच नका, पीडीएफ न्या.

प्रश्न : पीपीटीमधला व्हिडिओ माझ्याकडे चालतो, शाळेच्या कॉम्प्युटरवर नुसता काळा चौकोन.
– एक शिक्षक, म्हापसा

उत्तर : सर, व्हिडिओ घालताना इन्सर्टच्या ऐवजी लिंक टू फाईल झालं असेल, म्हणजे व्हिडिओ पीपीटीत गेलाच नाही. काढून परत इन्सर्टने घाला. लिंकच ठेवायची असेल तर फाईल, एक्सपोर्ट, पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी, त्यात कॉपी टू फोल्डर. नाव सीडीचं असलं तरी सीडी लागत नाही, पीपीटी आणि तिला जोडलेल्या सगळ्या फाईल्स एका फोल्डरमध्ये येतात, तो अख्खा फोल्डर उचलून न्यायचा. यूट्यूबवरचा व्हिडिओ घातला असेल तर वर्गात इंटरनेट लागणारच.

प्रश्न : सेव्ह करताना नावच घेत नाही, एरर देतो. नाव दिलंय 'ग्रामसभा १५/८'.
– एक वाचक, पाटण

उत्तर : ती तिरकी रेघ काढा. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, ताऱ्याचं चिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह चालत नाहीत. 'ग्रामसभा १५-८' असं लिहा, लगेच होईल. मराठीत नाव द्यायला काहीच हरकत नाही, विंडोजला ते व्यवस्थित कळतं. नाव बरोबर असूनही डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह होत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू आहे का बघा, ते चालू असलं की काही प्रोग्राम्सना तिथे लिहायला बंदी होते. ते बंद करू नका, तिथेच अलाऊ ॲन ॲप आहे त्यातून पॉवरपॉइंटला परवानगी द्या.